फ्यूज बॉक्स कुठे बसवायचा? आधी पाणी कुठे टपकतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी महिंद्राची डिझेल जीप, बॉडीचं काम आणि रंग झालेला, जुनं वायरिंग उपटून टाकलेलं. बारा फ्यूजचा ब्लेडवाला बॉक्स तुम्ही आणलाय. मेकॅनिक म्हणतो, बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) बसवूया, बॅटरी जवळ पडते. तुम्हाला डॅशबोर्डखाली बरा वाटतो. गाडी गोव्यात डिचोलीत अंगणात ताडपत्रीखाली उभी असते आणि चतुर्थीपूर्वी रस्त्यावर यायला हवी.

जागेबद्दल तुमचं बरोबर आहे. आतल्या बाजूने, डॅशबोर्डखाली, डावीकडे. पण त्या जागेवर ड्रिल लावण्याआधी आणलेला बॉक्स उलटा करून बघा. बहुतेक स्वस्त बॉक्सात मागे एकच पितळी पट्टी असते आणि तिला एकच जाड बोल्ट. म्हणजे बाराही फ्यूज एकाच फीडवर (वीज आणणाऱ्या वायरीवर). तो फीड थेट बॅटरीवरून घेतला तर चावी काढली तरी वायपर आणि मीटर जिवंत. चावीच्या स्विचनंतर घेतला तर रात्री रस्त्याकडेला गाडी बंद केली की पार्किंग लाइट, हॅझर्ड, ब्रेक लाइट सगळे मेले. तुमची खरी अडचण ही आहे, जागा नंतरची.

बॉक्स मात्र फुकट गेला नाही. त्याला कायमच्या फीडवर ठेवा आणि चावीनंतरच्या सर्किटांसाठी सहा फ्यूजचा आणखी एक छोटा बॉक्स आणा. मोठ्या बॉक्सात डावा लो, उजवा लो, डावा हाय, उजवा हाय, डावं पार्किंग, उजवं पार्किंग, हॉर्न, ब्रेक लाइट, हॅझर्ड असे नऊ होतात, तीन मोकळे राहतात. ते मोकळेच ठेवा, पुढच्या वर्षी लागतात. छोट्यात वायपर, इंडिकेटर, मीटर आणि अल्टरनेटरची बारीक वायर, इंजिन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर डिझेल चालू-बंद करणारी कळ), मोबाइल चार्जर आणि हेडलाइटच्या रिलेंची (बारीक विजेने जाड वीज चालू करणाऱ्या स्विचांची) कॉइल. ही शेवटची गोष्ट मुद्दाम आहे. बल्बला वीज कायमच्या फीडवरून येते, पण रिले ओढणारी बारीक वीज चावीनंतर येते, त्यामुळे चावी काढली की हेडलाइट आपोआप विझतात आणि सकाळी बॅटरी बसलेली सापडत नाही. सोलेनॉइडला स्वतंत्र फ्यूज हवा. तुमचं इंजिन केबल ओढून बंद होत असेल तर तो प्रश्नच नाही, पण सोलेनॉइड असेल आणि तो चार्जरच्याच फ्यूजवर असेल, तर दहा रुपयांच्या चार्जरपायी जीप चोर्ला घाटात उभी राहील.

डावं-उजवं वेगळं का, असं बरेच जण विचारतात. मागच्या डाव्या दिव्यात पाणी शिरून शॉर्ट झाला, तर सामायिक फ्यूजवर दोन्ही बाजूंचे दिवे जातात आणि मागून येणाऱ्या ट्रकला काळोखात काहीच दिसत नाही. वेगळे असले तर एक बाजू तरी राहते.

आता लोडचा हिशेब. फ्यूज बल्बला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. म्हणून आधी लोड, मग वायर, मग फ्यूज, याच क्रमाने जायचं. वॉटला १२ ने भागा. हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा बल्ब म्हणजे ५ अँपियरच्या आसपास. फिलामेंट थंड असताना पेटताक्षणी कित्येक पट करंट ओढते, म्हणून ७.५ वर ताणून न बसवता प्रत्येक बल्बला १० चा, म्हणजे लाल फ्यूज. हॅझर्डला २१ वॉटचे चार बल्ब, ७ अँपियर, फ्यूज १०. ब्रेकला दोन बल्ब, साडेतीन अँपियर, फ्यूज ७.५, तपकिरी. दोन हॉर्न मिळून ८ ते १० अँपियर, फ्यूज १५, निळा, आणि रिले लागतोच. वायपरला १०, मीटरला ५. सतत चालणारा लोड फ्यूजच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर फ्यूज उडत नाही पण वर्षभर तापत राहतो.

वायरी: पार्किंग, मीटर, रिलेच्या कॉइल यांना १ स्क्वेअर एमएम. हेडलाइटचा प्रत्येक बल्ब, वायपर, हॅझर्ड यांना १.५. दोन्ही हॉर्नना मिळून २.५. बॅटरीवरून मोठ्या बॉक्सला ६ स्क्वेअर एमएम आणि तिच्या तोंडाशी ४० चा मुख्य फ्यूज. छोट्या बॉक्सला ४ स्क्वेअर एमएम आणि ३० चा फ्यूज, मध्ये चावीने ओढला जाणारा ४० अँपियरचा रिले. हे दोन मुख्य फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत. बॅटरी आणि पहिला फ्यूज यांच्यामधला तुकडा कुणीच राखत नाही. तो बॉडीला घासला तर जळत जातो, थांबवणारं काही नसतं.

हा हिशेब साध्या जीपचा. विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), एसी किंवा टपावरच्या दिव्यांची रांग असेल तर तो मोडतो. विंचची केबल या बॉक्समधून नेण्याचा विचारही करू नका, ती बॅटरीवरून स्वतंत्र, स्वतःच्या ब्रेकरसकट. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला गरम होणारे प्लग) असलेल्या इंजिनाचंही तेच. चार प्लग मिळून सुरुवातीला ४० अँपियरच्या वर जातात, त्यांना वेगळा रिले, वेगळा पट्टी फ्यूज, १० स्क्वेअर एमएम वायर. आणि डॅशबोर्डवर जुना अँपियर मीटर असेल तर तो सर्किटमधून काढा. त्यात गाडीचा जवळजवळ सगळा करंट फायरवॉलमधून आत येऊन मीटरच्या दोन नटांवरून परत बाहेर जातो, तोही फ्यूजविना. नट सैल झाला की डॅशबोर्डमागे ठिणगी. दिसायला जुना मीटर हवाच असेल तर डबी ठेवा, आत व्होल्टमीटर बसवा.

हेडलाइटला रिले लावायला लोक कंटाळतात, म्हणून आकडा सांगतो. १ स्क्वेअर एमएमच्या १ मीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स सुमारे ०.०१७५ ओहम. जुन्या पद्धतीत दोन्ही बल्बचे १० अँपियर बॅटरीवरून डॅशच्या स्विचला, तिथून डिपर स्विचला, मग पुढे, असे ६ मीटर बारीक वायरीतून जायचे. तिथेच १ व्होल्ट खर्च. स्विचच्या जुन्या पॉइंटांत आणखी अर्धा. साडेतेरा व्होल्टमधले दीड गेले की हॅलोजनचा उजेड जवळपास एक तृतीयांशाने घटतो, कारण उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने पडतो. रिले लावून प्रत्येक बल्बला १.५ ची स्वतंत्र साडेतीन मीटर वायर दिली तर नुकसान ०.२ व्होल्ट. शंभर-नव्वद वॉटचे बल्ब घालून होल्डर वितळवण्यापेक्षा हे बरं, आणि समोरच्याचे डोळेही वाचतात.

रिलेची जोडणी, पायांवरच्या नंबरांप्रमाणे: ३० ला फ्यूजवरून वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट). पाच पायांचा रिले हाती आला तर मधला ८७ए मोकळा सोडा आणि त्यावर प्लास्टिकची टोपी घाला.

आता जागा. बॉनेटखाली नको म्हणण्याची कारणं तीन. एक, इंजिनाची उष्णता. दोन, गाडी धुणारा पोरगा प्रेशरचा पाइप नेमका तिथेच मारतो. तीन, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तो चार महिन्यांत. बॉनेटच्या फटीतून आलेलं पाणी फायरवॉलवरूनच ओघळतं. रबरी सील असलेला पूर्ण बंद बॉक्स असता तर मेकॅनिकचं म्हणणं मान्य केलं असतं, तुमचा तसा नाही. पण डॅशबोर्डखालीही कुठेही चालत नाही. जीपची पुढची काच दुमडते, तिच्या खालच्या रबरातून आणि वायपरच्या पिनांतून पाणी आत येतंच, रबर नवं असलं तरी. म्हणून आधी ही परीक्षा करा: डॅशबोर्डखाली फायरवॉलच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचे तुकडे चिकटपट्टीने लावा, नुसता कागद. कुणाला तरी काचेवर आणि बॉनेटच्या मागच्या कडेवर तीन-चार बादल्या सावकाश ओतायला सांगा. पाच मिनिटांनी कागद काढा. ओल्या डागांची रेघ स्पष्ट दिसते, बहुतेक वेळा दोन पिनांखाली एकेक आणि काचेच्या कोपऱ्यात एक. जो कागद कोरडा निघाला ती तुमची जागा. पायाखालच्या पत्र्यापासून निदान एक फूट वर, कारण पाऊस आत आला की आधी तोच भरतो. तुम्ही पावसाळ्यानंतर कुळ्याकडे ओढ्यांतून जीप घालणार असाल तर आणखी वर.

बॉक्स थेट पत्र्यावर ठोकू नका. ६ मिलिमीटरची हायलम शीट (वीज न वाहणारी, बेकेलाइटसारखी कडक शीट) घ्या, दोन्ही बॉक्स आणि रिले मांडून चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून कापा. सगळी जोडणी टेबलावर बसून करा, डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून नाही. शीटच्या वरच्या कडेला पियानो कब्जा, खालच्या कडेला दोन बोल्ट. बोल्ट काढले की शीट तुमच्याकडे उघडते आणि मागचे सगळे लग (वायरींच्या टोकाला दाबलेले धातूचे तुकडे) दिसतात. त्यासाठी वायरींना वीतभर ढील हवी, ती आधीच धरा. पत्र्याला एम६ बोल्ट, रबर वॉशर, नायलॉन नट. स्क्रू ठोकू नका, त्याचं टोक पलीकडे ब्रेकच्या पाइपात किंवा वायरीत शिरतं आणि ते कळायला सहा महिने लागतात. शीट उभी हवी, आडवी नाही. रिलेचे पाय खाली. वायरी बॉक्सात खालून शिराव्यात, आणि शिरण्याआधी त्यांनी खाली एक झोका घ्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो, फ्यूजपर्यंत चढत नाही.

वायर विकत घेताना ब्लेडने टोक खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत करा. आपल्या खाऱ्या हवेत ते दोन पावसाळे काढत नाही. घरगुती वायर वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांचं, डिझेल-ऑइल अंगावर घ्यायला बनवलेलं नाही. गाडीसाठीची बारीक तारांची वायर घ्या. शक्य असेल तर पुढच्या आणि मागच्या दिव्यांसाठी कलई केलेल्या तांब्याची, बोटींच्या कामात वापरतात ती. साधं तांबं टोकाकडून हिरवं व्हायला लागलं की ते हिरवेपण इन्सुलेशनच्या आत हातभर चढतं, आणि मग टोक कापून नवीन लग मारूनही उपयोग नसतो.

मार्ग ठरवायला सुतळी. बॉक्सच्या जागेवरून सुतळी निघू दे, जिथून वायर जाणार तिथूनच तिला फिरवा, जिथे फांदी फुटते तिथे गाठ मारा. मग ती सुतळी प्लायवूडवर सरळ करून गाठींच्या जागी खिळे मारा आणि त्यावर वायरी मांडा. प्रत्येक टोकाला वीतभर जास्त. मापाच्या टेपने वळणं मोजता येत नाहीत, सुतळीने येतात. एकूण तीन जुड्या करा: पुढची, डॅशची, मागची. एकाच जुडीत सगळं कोंबलं तर एक वायर बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते.

मागची जुडी चॅसिसच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेला लागून. खालच्या कडेवर टाकली तर आपली तांबडी माती तिथे साचते, ओली राहते आणि नळी आतून कुजवते. सायलेन्सरपासून वीतभर अंतर, आणि त्याला ओलांडायचंच असेल तर काटकोनात. डिझेलच्या पाइपाला बांधू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. दर वीतभर रबर लावलेली पी-क्लिप, प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. केबल टाय डॅशबोर्डखाली ठीक, चॅसिसवर ऊन आणि चिखल खाऊन तुटतात. खोबणीची नळी घातली तर तिची चीर खाली ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल. सगळीकडून टेप गुंडाळून बंद केलेल्या नळीत पाणी शिरतंच, फक्त बाहेर येत नाही. फायरवॉलच्या भोकाची कड आधी घासून रंगवा, मग रबर ग्रॉमेट (भोकात बसणारं रबराचं कडं) बसवा, मोकळी भोकं बुजवा. पावसाळ्यात उंदीर आत येतात ते त्याच भोकांतून. इंजिनाकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला झोल हवा, कारण इंजिन रबरावर हलतं आणि बॉडी हलत नाही.

सेल्फची जाड केबल या कुठल्याच जुडीत नाही. तिला फ्यूज नसतो, म्हणून ती एकटी, रबरी टोपीसकट, कुठेही न घासता.

लग दाबायला रॅचेटचा क्रिम्पिंग पक्कड घ्या. नुसतं झाळणं (सोल्डरिंग) नको. झाळलेलं टोक कडक होतं आणि जिथे झाळ संपते तिथे थरथरून तार तुटते. दाबल्यावर हाताने जोरात ओढा, निसटला तर तो टेबलावर निसटला हे बरं. वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). दोन्ही टोकांना एकच नंबर.

अर्थबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि जुन्या जीपांच्या निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. बॅटरीच्या मायनसवरून इंजिन ब्लॉकला सेल्फच्या केबलइतकीच जाड पट्टी. ब्लॉकवरून चॅसिसला दुसरी. चॅसिसवरून बॉडीला तिसरी. ब्लॉकची पट्टी विसरलात तर सेल्फचा दोन-तीनशे अँपियर करंट परतीची वाट शोधतो आणि ती अॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. केबल लाल होऊन चिकटते. दिव्यांना बॉडीवर भरवसा ठेवू नका, ताज्या रंगावर तर नाहीच. प्रत्येक दिव्याला काळी वायर, मागे एका एम८ बोल्टवर सगळ्या, पुढे दुसऱ्यावर. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर, घट्ट आवळा, आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन किंवा रंग. आधी नाही. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावला किंवा इंडिकेटरसोबत पार्किंग लुकलुकलं तर फ्यूज तपासत बसू नका, मागचा काळा लग बघा.

जोडून झालं की बॅटरी लगेच लावू नका. सगळे फ्यूज काढा, आणि बॅटरीजवळच्या ४० च्या फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॉटचा बल्ब लावा. मग बॅटरी जोडा, मायनस शेवटी. बल्ब विझलेला राहिला तर सगळी बटणं बंद ठेवून एकेक फ्यूज घाला. ज्या फ्यूजला बल्ब पूर्ण तेजाने पेटला त्या सर्किटात शॉर्ट आहे, आणि मध्ये बल्ब असल्यामुळे वायर जळाली नाही. छोट्या बॉक्सच्या ३० च्या जागीही तेच करा, तिथे चावी चालू लागेल, आणि मीटर, अल्टरनेटरची बारीक वायर किंवा सोलेनॉइडमुळे बल्ब मंद पेटू शकतो. तेवढ्यासाठी घाबरू नका, भगभगीत पेटला तर थांबा.

मग खरे फ्यूज, इंजिन चालू, हेडलाइट हायवर. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या मागच्या प्लस पिनला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तसंच बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थ पिनपर्यंत ०.२ च्या आत. वीस मिनिटं दिवे चालू ठेवा आणि फ्यूजच्या माथ्यांना बोट लावून बघा. कोमट चालतो, चटका बसला तर मागचा लग सैल आहे. हेच पुढेही लक्षात राहू द्या: फ्यूजमधली तार शाबूत आणि प्लास्टिक मात्र वितळलेलं, असं दिसलं तर लोड जास्त नाही, पकड ढिली आहे. तिथे मोठा फ्यूज घातलात तर पुढच्या वेळी बॉक्स वितळेल.

चतुर्थीचं म्हणाल तर सामान हातात असेल तर टेबलावरचं काम दोन दिवसांचं, गाडीवरचं तीन. वर्तमानपत्राची परीक्षा मात्र आजच करा, त्याला सामान लागत नाही. डाग कुठे आले ते आणि बॉक्सच्या मागची पट्टी एकसंध आहे की मधून तुटलेली, तेवढं कळवा. मधून तुटलेली निघाली, म्हणजे दोन बोल्ट असतील, तर दुसरा बॉक्स घ्यायची गरज नाही, पण नऊ आणि सहा त्यात मावायचे नाहीत. मग पार्किंगची डावी-उजवी जोडी सोडून कुठे काटछाट करायची ते बघू.